मेणाचं डोकं

गोव्यातल्या आमच्या साखळी गावात मला ‘डॉक्टरीण बाय’ म्हणतात. सुरुवातीला मी खुलासा करायचे. पीएचडीची डॉक्टर वेगळी, ती ताप बघत नाही, इंजेक्शन देत नाही, हे शेजारच्या काकींना समजावण्यात माझ्या दोन चवथी गेल्या. गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून त्या विचारायच्या, “मग गो, दिवसभर बघतेस तरी काय?” एकदा वैतागून खरं तेच सांगून टाकलं. “मेण बघते, काकी.”

आणि ते खरंच आहे. लहान मुलाच्या मेंदूतली गाठ काढली की तिचा तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये जातो. मग त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या पॅराफिनमध्ये बसवतात. थंड झाल्यावर हातात येतो तो ‘ब्लॉक’. आगपेटीहून लहान, पांढुरका, मध्ये करड्या रंगाचा डाग. तो डाग म्हणजे कुणाच्या तरी मुलाची गाठ. कॅसेटच्या कडेला नंबर असतो, तोही पेन्सिलीनं, कारण शाई मेण विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये धुऊन जाते. नाव नसतं. ब्लॉक काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर लावायचा, चाक फिरवायचं, की केसाच्या दहाव्या हिश्शाहून पातळ पापुद्रे सुटत येतात. स्लाइड करायची असेल तर ते कोमट पाण्यावर सोडतात. घावन तव्यावर पसरावं तशी ती पट्टी पसरते आणि सुरकुत्या आपोआप निघतात. मला हे काम फार आवडतं. संशोधनात हाताला कळणारी कामं कमीच. बाकी सगळं रंगहीन थेंब एका नळीतून दुसऱ्या नळीत.

मला हवा असतो तो त्या पापुद्र्यातला आरएनए. गाठीतली कोणती जनुकं जागी होती आणि कोणती झोपलेली, ते त्यावरून कळतं. पण फॉर्मेलिन आणि मेण मिळून आरएनएची वाट लावतात. हजारो अक्षरांचा धागा असेल तर शंभरेक अक्षरांचे तुकडे उरतात. साखळीच्या लोकांना हे एका वाक्यात समजतं. वाळवंटीच्या पुरात आजोबांच्या दुकानाची खातेवही भिजली होती. वाळवून उघडली तेव्हा अख्खी ओळ एकही लागत नव्हती, पण सुटी अक्षरं, एखादा आकडा, ‘गूळ’, ‘उधार’ एवढं लागत होतं. आमचंही तसंच. म्हणून आम्ही लांब वाक्यं शोधत नाही. छोटे तुकडे मोजतो, आणि त्याहून छोटे मायक्रोआरएनए, जे मुळातच बावीसेक अक्षरांचे असतात. इतके लहान, की मोडायला त्यांच्यात काही नसतंच. जुन्या ब्लॉकमध्येही ते शाबूत सापडतात.

खारघरच्या ऍक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटानं नेमकं हेच हेरलं. मेणातल्या तुकड्यांवरून मेड्युलोब्लास्टोमाचा प्रकार ओळखायची, असे तुकडे मोजणाऱ्या रिअल-टाइम पीसीआरची पद्धत त्यांनी बसवली आणि २०१३ साली ती छापून आली. त्या काळात गाठीचा प्रकार ठरवायचा तर सहसा ताजी, गोठवलेली गाठ आणि जनुकं वाचणारी महागडी चिप लागायची. आपल्याकडे उणे ऐंशीचा फ्रीझर सगळ्या इस्पितळांत कुठला! मेणाचा ब्लॉक मात्र सगळीकडे असतो, टपालानंही येतो. परदेशी संशोधकाला जी अडचण वाटली असती, तिथूनच या लोकांनी सुरुवात केली.

आता त्या नावाबद्दल. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूत, मानेच्या वरच्या अंगाला होणारी गाठ. मुलांमधल्या मेंदूच्या कर्करोगांत ही नेहमीचीच. १९२५ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी हे नाव ठेवलं. ‘मेड्युलोब्लास्ट’ नावाच्या मूळ पेशीपासून ती होत असावी, असा त्यांचा कयास होता. ती पेशी शंभर वर्षांत कुणाला सापडलेली नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं, माझ्या डॉक्टरकीसारखं.

२०१२ साली जगभरच्या संशोधकांनी एकमतानं या एका गाठीचे चार प्रकार मानले. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सगळे सारखेच दिसतात, निळ्या पेशींची नुसती दाटी. आतला कारभार मात्र वेगळा. एकाचं नाव सॉनिक हेजहॉग, हो, त्या व्हिडिओ गेमवरूनच. दुसऱ्याचं विंट. विंटमधला ‘विं’ विंगलेस या जनुकाचा. ही बिनपंखी फळमाशी सत्तरच्या दशकात आर. पी. शर्मा यांनी दिल्लीच्या पुसा संस्थेत टिपली होती. शेतीसंशोधनाच्या आवारातल्या एका माशीचं नाव आज मुलांच्या मेंदूच्या रिपोर्टवर छापून येतं, हे मी दर नव्या विद्यार्थ्याला सांगते आणि दर वेळी मलाच गंमत वाटते. उरलेल्या दोघांना कुणाला नावच सुचलं नाही. गट ३ आणि गट ४.

हे चार कप्पे कशाला? कारण विंटची मुलं नेहमीचे उपचार पूर्ण झाले तर दहातली नऊहून जास्त जगतात. गट ३ मध्ये एमवायसी जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर हाच आकडा निम्म्याच्याही खाली येतो. गाठ दिसायला तीच, जागा तीच. विंट उपचारांचं इतकं का ऐकते, याचा एक उलगडा २०१६ साली झाला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जी घट्ट भिंत असते ती या गाठीत गळकी असते, त्यामुळे किमोचं औषध आत शिरतं. म्हणजे ही गाठ स्वतःच दार उघडं टाकते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काकींच्या नातवाला उलट्या सुरू झाल्या.

त्याला सगळे बाबूच म्हणत, मीही इथं तेच म्हणते. सात वर्षांचा. सकाळी उठला की ओकायचा. ओकला की मोकळा, दहा वाजता पेज जेवायचा, संध्याकाळी अंगणात धिंगाणा. एका दवाखान्यात आम्लपित्ताचं सिरप मिळालं, नंतर जंताची गोळी. काकींनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शाळेतून निरोप आला की मूल शाळा टाळतंय, लाड कमी करा. दोन महिने असेच गेले.

इथं दवाखान्याला नावं ठेवून मी मोकळी होऊ शकते, पण त्या चवथीला मी घरी होते. पंचमीच्या सकाळी तो आमच्या पायरीवर ओकला. मी स्वतः त्याचं तोंड धुतलं, पाठ चोळली आणि म्हटलं, “काल नेवऱ्या किती खाल्ल्यास रे?” आदल्या आठवड्यात मी याच गाठीचे ब्लॉक कापले होते. सकाळची उलटी, मळमळ नसलेली, ओकल्यावर बरं वाटणारी. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. पण ते वाक्य कागदावर होतं आणि समोर शेजारचा बाबू होता.

घडतं ते असं. मेंदूत सतत पाणी तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला अर्धा लिटर. ते मेंदूच्या पोकळ्यांतून खाली वाहतं आणि लहान मेंदूच्या पुढ्यातल्या चौथ्या पोकळीतून बाहेर पडतं. गाठ नेमकी तिथं बसली की मोरी तुंबते. रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब चढतो, म्हणून पहाट वाईट. पुढे पुढे मूल मान एका बाजूला कलती धरतं आणि चालताना झोकांड्या देतं. बाबू दसऱ्याच्या सुमारास झोकांड्या द्यायला लागला, तेव्हा त्याचा बाप त्याला उचलून बांबोळीच्या इस्पितळात घेऊन गेला. सीटी झाला, तुंबलेलं पाणी काढायची सोय झाली आणि मुंबईला जायचं ठरलं.

बापाचा खाणीवरचा ट्रक होता. खाणी बंद पडल्यापासून तो दारात उभाच होता, टायरांत गवत उगवलेलं. तो त्यानं मिळेल त्या किमतीला विकला आणि रात्रीच्या कोकणकन्येनं तिघं निघाली.

ऑपरेशन चांगलं झालं, गाठ जवळजवळ पूर्ण निघाली. आणि दुसऱ्या दिवसापासून बाबू बोलायचा थांबला. डोळे उघडे, कधी रडायचा, पण शब्द नाही. लहान मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चारांतल्या एका मुलाला हे होतं आणि बहुतेकांचं बोलणं आठवड्यांनी, महिन्यांनी परत येतं. मी फोनवर हे सांगितलं, पण आईला ते ऐकू गेलं नसावं. तिचं एकच म्हणणं होतं, डॉक्टरांनी त्याची वाचाच कापली. पाचव्या आठवड्यात साताऱ्याकडची एक सिस्टर त्याला औषध पाजत होती. बाबूनं तोंड फिरवलं आणि म्हणाला, “नाका.” सिस्टरनं लगेच वाकून त्याचं नाक तपासलं, आत काही अडकलंय का म्हणून. कोपऱ्यात आई हसत होती आणि रडत होती. नाका म्हणजे नको, हे तिला सांगायलाही सुचेना. ही गोष्ट त्यांच्या घरात अजून दर पाहुण्याला सांगितली जाते. मीही सांगितली.

रिपोर्ट विंटचा आला. त्याचा ब्लॉक माझ्या ट्रेमधून गेला का? मला माहीत नाही. नंबरावर नाव नसतं ते याचसाठी.

मग किरणं. आपले लोक त्याला ‘शेक’ म्हणतात. जाळीचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवतात, टेबलाला ठोकतात, आणि मुलानं हलायचं नाही. या गाठीत फक्त डोक्याला शेक देऊन भागत नाही. तिच्या पेशी त्या वाहत्या पाण्यातून खाली उतरतात आणि पाठीच्या कण्यात कुठंही रुजू शकतात, ओढ्यातून बी वाहत जाऊन खालच्या शेतात उगवावं तशा. म्हणून अख्ख्या मेंदूला आणि अख्ख्या मज्जारज्जूला किरणं देतात. धोका कमी असेल तर २३.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), तेरा बैठकांत. पुढे गाठीच्या जागेपुरता डोस वाढवत ५४ ग्रेपर्यंत न्यायचा. एकूण तीस बैठका. आणि त्याची किंमत मूल पुढे फेडत राहतं. मणके नीट वाढत नाहीत, वाढीची ग्रंथी मंदावते, थायरॉइड कमी पडतं, आणि शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागायला लागतो. जेवढं वय लहान तेवढी ही किंमत मोठी.

ते दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. एका रविवारी मी डबा घेऊन गेले. बाबू झोपला होता. बाप जिन्यात बसला होता. शिक्षण नववीपर्यंत, पण डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते त्यानं एका वहीत उतरवून घेतलं होतं. त्यानं वही उघडून मला विचारलं, “डॉक्टरीण बाय, याची गाठ चांगल्या जातीची म्हणतात ना? आणि पाठीत काहीच सापडलं नाही. मग पाठीला शेक कशाला? डोक्यालाच द्या. चालत नाही का?”

मी म्हटलं, “डॉक्टर सांगतात ते करायचं, भाऊ.” त्यानं वही मिटली.

पण मनात मी ‘हो’ म्हटलं होतं. ठाम हो. माझ्या क्षेत्रात त्या दिवसांत सगळ्यांचं स्वप्न तेच होतं. मुलं जगायला लागली होती, आता त्यांना कमी भाजायचं. कुणाला कमी दिलं तरी चालेल हे ओळखण्यासाठीच तर आम्ही मेण खरवडत होतो. विंटच्या मुलाला पाठीची किरणं द्यायची म्हणजे उंदरासाठी घर जाळायचं, असं मला वाटायचं. जिन्यातल्या त्या माणसानं कुठलाही शोधनिबंध न वाचता बरोबर प्रश्न विचारला म्हणून मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. परतताना लोकलमध्ये मला जरा लाज वाटत होती, की मला उत्तर ठाऊक असून मी दिलं नाही.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न रीतसर विचारला. कमी धोक्याच्या विंटच्या मुलांना पाठीची किरणं सुरुवातीला द्यायचीच नाहीत, गाठीच्या जागेपुरती द्यायची आणि सोबत किमो. अभ्यासात मोजकीच मुलं घेतली होती. काहींची गाठ किरणं न दिलेल्या भागात, मेंदूत दुसरीकडे किंवा पाठीत, परत उगवली. अभ्यास मध्येच थांबवला आणि जे झालं ते त्यांनी तसंच छापलं. मी तो निबंध फोनवर वाचत होते आणि मला धर्मशाळेचा जिना दिसत होता. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर? माझ्या शब्दानं डॉक्टरांचा निर्णय बदलला नसता, हे खरं. पण बाप हट्टाला पेटू शकला असता. ट्रक विकणारा माणूस काहीही करू शकतो. ‘डॉक्टरीण बाय म्हणाली’ या तीन शब्दांना आमच्या वाड्यावर किती वजन आहे, ते मला त्या वेळी कळलं नव्हतं.

आता प्रश्न बदललाय. शून्य नाही, पण २३.४ च्या जागी १८ ग्रे पुरतील का? मुंबईत, युरोपात, अमेरिकेत विंटच्या मुलांसाठी हाच आकडा तपासला जातोय. दहा बैठका. साडेपाच ग्रेंचाही फरक नाही. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. सात वर्षांच्या मणक्यांना वाटणार नाही.

उपचार संपल्यावर पुढच्या वर्षी काकींनी मला जुन्या गोव्याला चल म्हणून धरलं. सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताआधीची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, चालू होती. त्यांनी नवस बोलला होता. मी म्हटलं, काकी, तुम्ही लइराई देवीच्या. त्या म्हणाल्या, लइराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस बहिणी ना? मग सायब काय परका? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाहेरच्या दुकानांत मेणाचे अवयव टांगलेले असतात. हात, पाय, डोळे, तान्हं बाळ, कुणाला घर हवं असेल तर घर. काकींनी विचारलं, “भुरग्याची तकली आसा?” दुकानदारणीनं खालच्या टोपलीतून लहान डोकं काढून दिलं. गुळगुळीत, डोळे मिटलेले. काकींनी ते माझ्या हातात ठेवलं. “घे, तुझं मेण.”

आतून पोकळ होतं, फारच हलकं. सवयीनं मी वास घेतला. आमच्या लॅबमध्ये सकाळी मेणाचं भांडं तापायला लागलं की येतो तोच. आणि माझा अंगठा आपोआप मागे गेला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो तिथं. साच्याची शिवण होती तिथं, थोडी उंचावलेली. काकी बघत होत्या. म्हणाल्या, “हां, थंयच.” तिथंच. मग त्यांनी ते परत घेतलं, पदरानं पुसलं, आणि आम्ही रांगेत उभ्या राहिलो. दोन तास.

बाबू आता सोळाचा आहे. वर्गात सगळ्यात बुटका. दहावीला त्याला लिहायला जादा वेळ मिळणार आहे. सिस्प्लॅटिन या औषधानं कानातल्या वरच्या पट्टीच्या पेशी मारल्या, त्यामुळे पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा त्याला ऐकू येतो, पण चहातल्या चमच्याचं किणकिणणं येत नाही. गेल्या चवथीला आरतीला तो घुमट, मातीचं तालवाद्य, घेऊन बसला होता. घुमटाचा आवाज खालचा, तो त्याला पुरता लागतो. कांसाळं, म्हणजे झांज, लागत नाही. लय वाढली की त्याचा हात अर्धा ठोका मागे पडतो, मग तो थांबतो, शामेळ वाजवणाऱ्याकडे बघतो आणि पुढच्या समेला परत शिरतो. काकी शेजारी बसून मोठ्यानं चुकीची आरती म्हणत होत्या.

पुढच्या महिन्यात त्याचा वर्षाचा एमआरआय आहे. कोकणकन्येचं तिकीट काढलंय, तिघांचं. वेटिंग १४, १५, १६. बापाचा काल फोन आला होता, कोटा वगैरे काही होईल का म्हणून. त्याला वाटतं डॉक्टरीण बायला रेल्वेतही कुणी ओळखत असेल.